फडात कॅमेरा नेण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या मुलाचे आईवडील बीडकडचे. दिवाळीच्या आसपास गाव सोडतात, हंगामभर पश्चिम महाराष्ट्रात ऊस तोडतात. या वर्षी त्याला मोबाईलवर टोळीची डॉक्युमेंटरी करायची आहे. पहाटेची तोड, कोपीतली (तळावरच्या झोपडीतली) लेकरं, फिटता न फिटणारी उचल (टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून घेतलेला आगाऊ पैसा), सगळं त्यात हवंय. त्याने तीन गोष्टी विचारल्यात. कॅमेरा कोणता घेऊ? फिल्म किती मिनिटांची करू? आणि यूट्यूबवर टाकली तर सरकार दखल घेईल का?

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्या दोघांची उत्तरं त्यातून निघतात. यूट्यूबवर टाकलेल्या फिल्मची सरकार बहुधा दखल घेणार नाही. 'सरकार' नावाचा माणूस कुठल्याच खुर्चीत बसलेला नसतो. जिल्हाधिकारी असतात, सहायक कामगार आयुक्त असतात, शिक्षणाधिकारी असतात, पुण्यात साखर आयुक्तालय असतं, कारखान्याचे कार्यकारी संचालक असतात. त्यातल्या प्रत्येकाच्या हातात एकदोनच गोष्टी असतात, आणि जी गोष्ट आपल्या हातात नाही ती पाहून तो 'फार वाईट आहे हो' म्हणतो आणि पुढच्या फाइलकडे वळतो. तेव्हा खरी अडचण कॅमेऱ्याची नाही. तुमची फिल्म कोणी पाहावी आणि पाहिल्यावर त्याने कोणत्या कागदावर सही करावी, हे अजून ठरलेलं नाही.

म्हणून आधी एकच मागणी निवडा. टोळीतल्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह हवं असेल तर प्रेक्षक शिक्षण विभाग. मग फिल्ममध्ये मुलांची संख्या, इयत्ता, शाळा सुटल्याची तारीख आणि गावात मुलं सांभाळायला तयार असलेली आजी दिसली पाहिजे. बैलगाड्यांच्या अड्ड्यावर बायकांना संडास आणि प्यायचं पाणी हवं असेल तर प्रेक्षक कारखाना. तिथे पाण्याचा टँकर किती वाजता येतो, किती कुटुंबांना पुरतो आणि अंधारात बाया किती लांब जातात, एवढं मोजून दाखवलं की पुरे. दोन्ही एकाच फिल्ममध्ये कोंबलंत तर दोघेही म्हणतील, हे दुसऱ्या खात्याचं आहे.

ऊसतोड कामगारांच्या हालांवर मराठीत अनेक दशकं लिहिलं गेलं आहे. २०१९ मध्ये मात्र बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या आणि राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. हाल त्याआधीही तेवढेच होते. त्या वेळी प्रश्न नेमका होता: कुठल्या वयात, कुठल्या कारणाने, किती जणींची? तुमच्या फिल्मला असाच नेमका प्रश्न हवा.

तुमच्या यादीतला सगळ्यात अवघड विषय उचलीचा. तो घ्यायचाच असेल तर 'मुकादम पिळवणूक करतो' हे निवेदकाच्या तोंडी घालू नका. हिशोब दाखवा. एक चौकट अशी लावा: जमिनीवर वही, वर पेन धरलेला हात, चेहरा नाही. समजा एका कोयत्याने, म्हणजे नवराबायकोच्या जोडीने, १ लाखाची उचल घेतली आहे आणि तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये आहे. १ लाख भागिले ३६६, म्हणजे साधारण २७३ टन. जोडी दिवसाला २ टन तोडते असं धरलं तर १३७ दिवस, एकही खाडा न होता. यात खर्ची म्हणून मधल्या काळात घेतलेले पैसे नाहीत, बाजारहाट नाही, दवाखाना नाही. मग त्या वर्षी कारखान्याचं गाळप किती दिवस चाललं तो आकडा खाली लिहा. तो १३७ पेक्षा कमी असेल तर पुढचं न बोलताच कळतं. २ टनांचे ७३२ रुपये, दोन माणसांत ३६६. याच्या शेजारी कामगार कार्यालयातून आणलेला त्या वर्षीचा किमान वेतनाचा दर ठेवा, आणि दिवसाचे तास. आकडे अर्थात तुमच्या टोळीचे खरे टाका. दर कराराने बदलतात, जानेवारी २०२४ च्या करारात ३४ टक्के वाढ झाली होती, तेव्हा जुन्या हंगामाचा दर नव्या हंगामाला लावलात तर पहिल्याच मिनिटाला कोणीतरी फिल्म खोटी पाडेल.

हिशोबावर एवढा जोर देण्याचं कारण कायद्यात आहे. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणं ही राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ मधली सक्तीची मजुरी ठरते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सांगितलं. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याचं कलम १५ तर आणखी उपयोगाचं आहे. मजूर म्हणाला की हे कर्ज वेठबिगारीचं आहे, तर ते तसं नाही हे सिद्ध करायचं ओझं सावकारावर पडतं. पण प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी नव्हे. उचल फिटेपर्यंत माणसाला दुसरीकडे कामाला जाता येतं का, गावी परतता येतं का, आणि बाजारभावाने मजुरी मिळते का, यावर ते ठरतं. म्हणून मुलाखतीत 'तुम्हाला त्रास होतो का' असं विचारून काही हाती लागणार नाही. 'मागच्या वर्षी मधेच गावी जायचं होतं तेव्हा काय झालं? कोणाला विचारलं? तो काय म्हणाला? मग गेलात का?' असं क्रमाने विचारा. प्रश्न विचारून झाला की मनातल्या मनात पाच आकडे मोजा. पहिलं उत्तर बहुतेक वेळा लोक पाहुण्याला देतात ते असतं, खरं त्याच्या मागून येतं.

मुकादमाला खलनायक करायची घाई नको. तो बऱ्याचदा त्याच गावचा, कधी नात्यातला असतो, आणि त्यानेही वरून पैसे उचललेले असतात. त्याची बाजू विचारा, नकार दिला तर नकार दिल्याची नोंद ठेवा. त्याच्याविरुद्ध पुरावा नसलेलं एक वाक्यही ठेवू नका. बदनामीची नोटीस आली की फिल्म बाजूला राहते आणि सगळी ताकद वकिलाकडे हेलपाटे घालण्यात जाते.

आता पुराव्याचं. चित्रीकरण म्हणजे पुरावा, हा समज सगळ्यात महाग पडतो. १९९१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलीस मारत असल्याचं चित्रण एका रहिवाशाने आपल्या घरातून केलं. ते जगभर दाखवलं गेलं. तरीही १९९२ मध्ये ज्युरीने चौघा पोलिसांना जवळजवळ सगळ्या आरोपांतून सोडलं. बचाव पक्षाने तेच चित्रण संथ करून, एकेक चौकट थांबवून दाखवलं आणि प्रत्येक फटक्याला स्वतःचा अर्थ जोडला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये 'विटनेस' ही संस्था सुरू झाली. हक्कांसाठी लढणाऱ्यांच्या हाती कॅमेरे द्यायचे, हा तिचा मूळ विचार होता. नुसता कॅमेरा देऊन भागत नाही हे लक्षात आल्यावर तिला प्रशिक्षणाकडे वळावं लागलं.

आपल्याकडचं उदाहरण जालन्याचं आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनची वेळ उलटल्यावर भरले गेले का, हा वाद होता, आणि त्याचं चित्रण खुद्द निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांत होतं. तेवढं असूनही प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं ते एका कागदावरून, इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर लागणाऱ्या प्रमाणपत्रावरून. २०२० च्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल निकालाने सांगितलं की प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र हवंच, मूळ उपकरण मालकाने स्वतः हजर केलं तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्यात प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक नोंद सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. फाइलचा हॅशही त्यात लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा: एसएचए-२५६ पद्धतीने काढला तर ६४ अक्षरांचा येतो आणि फाइलमध्ये एक ठिपका बदलला तरी पूर्ण बदलतो. त्याची फुकट ॲप्स मिळतात. चित्रीकरणाच्या दिवशी संध्याकाळीच काढून वहीत लिहून ठेवा.

त्यामुळे शिस्त अशी ठेवा. पुरावा म्हणून उपयोगी पडेल असं प्रत्येक चित्रण सुरू करताना तारीख, वेळ आणि ठिकाण तोंडाने बोला. मग कारखान्याची पाटी किंवा मैलाचा दगड घ्या आणि कॅमेरा बंद न करता तिथून मूळ दृश्याकडे या. मधे तोडलंत तर 'हे दुसरीकडचं आहे' म्हणायला वाट मोकळी. मूळ फाइलला हात लावायचा नाही, कापणं-जोडणं प्रतीवर. फाइल व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि तिच्यातली वेळ-ठिकाणाची माहिती जाते. पाठवायचीच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. दोन प्रती करा, एक तालुक्याच्या बाहेर कोणाकडे तरी ठेवा. साध्या एचडीमध्ये मिनिटाला १०० ते १३० एमबी लागतात, म्हणजे तासाभराच्या चित्रणाला ८ जीबी धरून चाला. फडात असताना 'मेमरी फुल'चा निरोप आला की लोक घाईघाईने जुन्या फाइली पुसतात. त्यात नेमकं कामाचं जातं.

आणि आता ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन ते. तुमच्या फिल्ममधला माणूस पुढच्या दिवाळीला त्याच मुकादमाच्या टेम्पोत बसणार आहे.

चेहरा धूसर केला म्हणजे माणूस लपला असं शहरातल्या प्रेक्षकाला वाटतं. टोळीत एकमेकांना चेहऱ्यावरून कमी आणि बाकीच्या गोष्टींवरून जास्त ओळखतात. बैलाच्या शिंगांचा रंग, शिंगाला बांधलेला गोंडा, गाडीवर रंगवलेलं नाव, हातावरचं गोंदण, लुगड्याचा काठ, कोयत्याच्या मुठीला गुंडाळलेली चिंधी, कोपीवर टाकलेल्या ताडपत्रीवरचं जाहिरातीचं अक्षर. यातलं काहीही राहिलं तर मुकादम पाच सेकंदांत नाव सांगेल. आवाज तर सगळ्यांत घातक. सॉफ्टवेअरने आवाज जाड करता येतो, पण तो परत पातळही करता येतो, आणि बोलायची लकब तशीच राहते. धोका खरा असेल तर तेच शब्द दुसऱ्या कोणाच्या तोंडून, दुसऱ्या गावच्या माणसाच्या आवाजात रेकॉर्ड करा आणि पडद्यावर तसं लिहा. चित्रात नुसते हात, वही, विझलेली चूल ठेवा. नंतर धूसर करण्यापेक्षा मुळातच चेहरा न घेणं केव्हाही चांगलं, कारण फोन हरवला, कोणी हिसकावला, तर आतली फाइल धूसर नसते. फोनला बोटाच्या ठशावर उघडणारं कुलूप काढून आकड्यांचं ठेवा.

इथे एक पेच येतो. पुराव्यासाठी ठिकाण आणि माणूस स्पष्ट हवा, सुरक्षेसाठी दोन्ही लपवायला हवं. एका फाइलमध्ये दोन्ही साधत नाही. म्हणून दोन वाटा ठेवा. मूळ चित्रण वकिलाकडे किंवा संघटनेकडे बंद, आणि लोकांना दाखवायची फिल्म वेगळी. गुन्ह्याला बळी पडलेली किंवा काळजी-संरक्षणाची गरज असलेली अल्पवयीन मुलं आणि लैंगिक अत्याचाराच्या पीडिता यांच्याबाबत तर तुमच्या मर्जीचा प्रश्नच नाही. पॉक्सो, बाल न्याय कायदा आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ ओळख उघड करायला मनाई करतात. गावाचं नाव आणि वडिलांचा व्यवसाय मिळूनही ओळख उघड होते, हे लक्षात ठेवा.

संमती घ्यायची ती मुकादम किंवा स्लीप बॉय (तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा माणूस) आसपास नसताना. बाईची संमती बाईकडून, नवऱ्याकडून नव्हे. 'व्हिडिओ काढू का' याला कोणीही हो म्हणतं. विचारायचं असं: हे जिल्हाधिकाऱ्यांना दाखवलं तर चालेल? गावच्या चावडीवर? मोबाईलवर फिरलं आणि तुमच्या सोयरिकीतल्या लोकांनी पाहिलं तर? तिन्हीची उत्तरं वेगळी येतात, आणि तिसऱ्याला बहुतेक जण थांबतात. त्यांचं थांबणं म्हणजेच उत्तर समजा. फिल्म जोडून झाली की पुन्हा दाखवा, आणि नको म्हटलं तर तो भाग काढा, कितीही चांगला असला तरी. मुंबईत झोपड्या पाडल्या जात होत्या त्यावरच्या, १९८५ च्या 'हमारा शहर' या आनंद पटवर्धनांच्या माहितीपटात एक बाई कॅमेरावाल्यांनाच सुनावते की गरिबांचे फोटो काढून तुमचं नाव होईल, आमचं काय? दिग्दर्शकाने ते कापलं नाही. तुम्हालाही फडात कोणीतरी हे विचारेलच. तयारी ठेवा, आणि 'तुमचं भलं होईल' असं वचन चुकूनही देऊ नका.

वेळही महत्त्वाची. हंगाम चालू असताना फिल्म बाहेर काढली तर राग टोळीवर निघतो, तोही गावापासून दोनशे-तीनशे किलोमीटर लांब, जिथे त्यांचं कोणी नाही. साधारणपणे पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, हिशोब होऊन माणसं घरी पोचल्यावर, आणि नवी उचल वाटली जायच्या आधी, म्हणजे मे-जूनच्या सुमारास दाखवणं सोयीचं. याला अपवाद एकच. कोणाला डांबून ठेवलं असेल, मारहाण होत असेल, तर फिल्म विसरा. ११२ ला फोन करा, त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना आणि कामगार कार्यालयाला लेखी कळवा. वेठबिगार कायद्याखाली माणसं सोडवायची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर आहे. हातात मिनिटभराचं चित्रण असेल तर ते अर्जासोबत जाईल. यूट्यूबवर नको.

किती मिनिटांची? अधिकाऱ्यासाठी तीन. त्याच्या टेबलावर, त्याच्यासमोर, तुमच्याच फोनवर किंवा लॅपटॉपवर दिसेल अशी. पहिल्या वीस सेकंदांत ठिकाण, संख्या आणि मागणी. शेवटी मागणी पुन्हा, पडद्यावर अक्षरांत. करुण बासरी नको, ड्रोन नको, रडणाऱ्या बाईच्या डोळ्यांवर झूम नको. सुरांनी दया येते, आणि दया आलेला अधिकारी शंभर रुपये काढून देतो. सोबत एक पानी निवेदन, त्यात 'सोबत: पेन ड्राइव्ह एक' अशी नोंद, आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का. हा शिक्का फिल्मपेक्षा मोठा आहे. तो असला तर महिन्याभराने माहिती अधिकारात 'अमुक क्रमांकाच्या निवेदनावर काय कार्यवाही केली' असं विचारता येतं आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तो नसला तर तुम्ही आलाच नव्हता. गोव्यातून काम करणाऱ्या 'व्हिडिओ व्हॉलंटियर्स' या संस्थेचे गावोगावचे वार्ताहर व्हिडिओच्या शेवटी संबंधित अधिकाऱ्याचा कार्यालयीन नंबर देऊन 'फोन करा' म्हणतात, आणि काम झालं की त्याच जागी जाऊन दुसरा व्हिडिओ करतात. हा दुसरा व्हिडिओ पुढच्या गावाला पहिल्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

गावासाठीची फिल्म वेगळी, दहा-बारा मिनिटांची चालेल. तिचं काम अधिकाऱ्याला हलवायचं नाही. उचल घेताना कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा की नाही, वहीची प्रत मागायची की नाही, यावर लोकांनी बोलावं म्हणून ती आहे. सार्वजनिक प्रदर्शनाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून तिकीट-पोस्टर असा थाट न करता बोलावलेल्या लोकांची बैठक ठेवा. मे महिन्यात पावणेआठनंतर पडद्यावर नीट दिसतं आणि दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. त्यात फिल्मला बारा मिनिटं आणि बाकी सगळा वेळ बोलायला. बायकांची बैठक वेगळी घ्या, दुपारी, घरात, टीव्हीवर. पुरुषांसमोर गर्भपिशवीचा विषय निघणार नाही.

कॅमेऱ्याचं राहिलं. आहे तो फोन पुरे. मोठा कॅमेरा दिसला की फडात शेतमालकापासून स्लीप बॉयपर्यंत सगळे गोळा होतात. फड मालकाचा आहे, त्याला आधी विचारा. कारखान्याचा वजनकाटा आणि गव्हाण (ऊस गाळपाला टाकायची जागा) कारखान्याच्या हद्दीत येतात, तिथे लेखी परवानगीशिवाय नको. फोन आडवा धरा, विमान मोडवर टाका, भिंग सदऱ्याच्या टोकाने पुसा, प्रत्येक चित्र किमान दहा सेकंद हलवू नका. पहाटेचं चित्रण बॅटरीच्या उजेडात दाणेदार येणारच, येऊ द्या. ट्यूबलाइटखाली पडद्यावर पट्टे सरकताना दिसले तर ३० ऐवजी २५ फ्रेमवर टाका, आपली वीज ५० हर्ट्झची आहे.

पैसे खर्च करायचेच असतील तर आवाजावर करा. वायरचा साधा कॉलरमाइक घ्या आणि तोंडापासून वीतभर खाली, पदराच्या आतल्या बाजूला लावा. फडात मुलाखत घेऊ नका. वारा नसला तरी पायाखालचं पाचट वाजत राहतं, आणि घरी आल्यावर कळतं की बाईचं बोलणं कमी आणि कुरकुर जास्त आली आहे. कोपीत घ्या, भाकरी थापून झाल्यावर, दाराला गोधडी लावून.